तळटीप : औंधचे ‘चित्ररामायण’

३. पशुमुखी पात्रांची चित्रकथा ही केवळ परदेशी आयात होय, हे मूळ लेखकाचे विधान आम्हांस मान्य नाही. कारण औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे, स्वतःच्या कुंचल्याने सिद्ध केलेले, ‘चित्ररामायण’ १९१६ सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि ज्या वाचकाने सुग्रीवाचे सख्य, जांबवंताची मसलत व जटायूचे मरण मनुष्याच्याच सुखदुःखाप्रमाणे अनुभवले, त्याला स्पीगलमनच्या ‘माउस’ या चित्रकथेतील (पुलित्झर सन्मान, १९९२) ज्यू उंदरांची यातना परकी वाटण्याचे कारण नाही. याच संस्थानच्या मुलखातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी पुढे ‘सत्तांतर’मध्ये वानरटोळ्यांतील सत्तेचा झगडा शब्दांत मांडला, त्या कादंबरीचा विचार या संदर्भात अवश्य व्हावयास हवा. — संपादक