वाटा कुणाचा, गरज कुणाची?

जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. या सेवेतून निघालेल्या पत्राच्या तळाशी, तुम्हालाही फुकट ईमेल हवे असेल तर इथे या, अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडली जाई. पत्र लिहिणाराच अशा रीतीने प्रचारक झाला आणि दीड वर्षाच्या आत, डिसेंबर १९९७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतले. लोकांच्या मजकुरावर स्वार होऊन गावोगाव पोचायचे, ही रीत पुढच्या वेबसेवांनीही उचलली. २००५ साली आलेल्या यूट्यूबने व्हिडिओ दुसऱ्याच्या पानावर लावण्यासाठी कोडचा छोटा तुकडा दिला. मायस्पेस या समाजमाध्यमावरच्या लोकांनी तो आपापल्या पानांवर चिकटवला, आणि पाने त्यांची असली तरी प्रेक्षक जोडला गेला यूट्यूबशी.

प्रकाशकांच्या हाती आलेला पैसाही याच हिशेबातला आहे. गूगलने फेब्रुवारी २००३ मध्ये ब्लॉगर ही ब्लॉगसेवा विकत घेतली आणि जूनमध्ये अ‍ॅडसेन्स ही जाहिरातयोजना आणली. एरवी छोट्या संकेतस्थळाला जाहिरातदाराने दारातही उभे केले नसते. आता कोड पानात टाकला की जाहिराती आपोआप लागू लागल्या. पण गूगललाही शोधपानाबाहेर जागा हवीच होती. उत्पन्नातला प्रकाशकाचा वाटा किती, हे कंपनीने जाहीर केले थेट २०१० मध्ये: मजकुराच्या पानांसाठी ६८ टक्के. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून मराठी वाचक राखून होते. पण अ‍ॅडसेन्सच्या योजनेत हिंदीला प्रवेश मिळाला डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठीला त्याच्याही नंतर. वाचक असणे पुरेसे नव्हते, त्या भाषेत बाजार दिसावा लागला.

यावर कुणी म्हणेल, या सेवा नसत्या तर छोट्या लेखकाला दमडीही मिळाली नसती. ते खरेच आहे. आक्षेपार्ह व्हिडिओंशेजारी आपली जाहिरात दिसते, ही जाहिरातदारांची तक्रारही खोटी नव्हती. मात्र जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणी अशी अट घातली, तेव्हा ज्यांचा काही दोष नव्हता अशा छोट्या वाहिन्यांचेही उत्पन्न थांबले. त्यांना कुणी विचारले नव्हते. वेबसेवा प्रकाशकाला देते तो आश्रय नसून जागेचे भाडे आहे, आणि भाडे ठरवण्याचा अधिकार भाडेकरूकडेच आहे. हे ओळखून ज्याने वाचकाशी थेट नाते आणि वर्गणीदार जोडले, त्यालाच घासाघीस करता येते.