बिंगो म्हणजे काय? : एका शब्दाचा न्यायालयीन इतिहास

आमच्या स्मृतिकारांनीं द्यूताविषयीं निर्बंध घालतांना द्यूत म्हणजे काय हेंहि सांगून ठेविलें आहे. निर्जीव वस्तूंनीं पण लावून खेळावयाचें तें द्यूत, आणि सजीव प्राण्यांकडून खेळवावयाचें तें समाह्वय, असा भेद मनुस्मृतींत केलेला आढळतो. मनूनें या दोहोंचाहि निषेध केला. उलटपक्षीं कौटिल्यानें जुगार एका ठिकाणीं, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखालीं चालवून जिंकलेल्या रकमेवर शेंकडा पांच घेण्याची व्यवस्था सांगितली. दोघांचीं मतें भिन्न. परंतु ज्या वस्तूस आपण हात घालतों तिचें स्वरूप आधीं निश्चित केलें पाहिजे, याविषयीं निषेध करणारा व परवानगी देणारा या दोघांचेंहि एकमत होतें. या साध्या नियमाकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय घडतें, याचें बोलकें उदाहरण अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत सांपडतें. तेथें ‘बिंगो’ या एका शब्दाच्या अर्थासाठीं पोलिसांचे छापे, गव्हर्नरांचे हुकूम आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल असा जवळजवळ दीड तपाचा झगडा चालला.

बिंगो हा खेळ आमच्या वाचकांस सर्वस्वी अपरिचित नाहीं. जिमखान्यांत व क्लबांत जो तंबोला किंवा हाऊजी खेळतात, त्याचाच हा अमेरिकन भाऊबंद. तंबोल्याच्या तिकिटावर १ ते ९० मधील पंधरा आंकडे असतात. अमेरिकन बिंगोच्या पत्त्यावर पांच ओळी व पांच रकाने असून मधलें घर मोकळें सोडून १ ते ७५ मधील चोवीस आंकडे छापलेले असतात. एकजण चेंडू काढून आंकडा पुकारतो, खेळणारे आपापल्या पत्त्यावर खूण करितात, आणि ठरलेली आकृति ज्याची प्रथम पुरी होईल त्यानें मोठ्यानें ‘बिंगो’ म्हणून ओरडावयाचें. एडविन लो नांवाच्या खेळण्यांच्या व्यापाऱ्यानें १९२९ च्या सुमारास जॉर्जियांतील एका जत्रेंत हा खेळ पाहिला व त्याचा प्रसार केला, अशी कथा तिकडे सांगतात. पुढील आर्थिक मंदीच्या काळांत चर्चना व धर्मादाय मंडळ्यांना निधि जमविण्याचा तो एक सोपा मार्ग झाला. वृद्ध मंडळींनीं सायंकाळीं जमावें, चार पैसे घालवावे, गप्पा माराव्या, आणि उरलेला पैसा एखाद्या सत्कार्यास लागावा, एवढ्या खेळास बंदी करणें जुगाराचे कडक कायदे असलेल्या संस्थानांसहि जड गेलें. त्यांनीं धर्मादायाच्या नांवानें एक लहानसें दार उघडें ठेविलें.

या दारांतून प्रथम आंत शिरल्या त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या जमाती. फ्लॉरिडांतील सेमिनोल जमातीनें १९७९ मध्यें आपल्या राखीव भूमींत मोठ्या बक्षिसांचें बिंगोगृह काढिलें. तेथील शेरीफानें अटकेची धमकी दिली. परंतु १९८१ मध्यें अपील न्यायालयानें जमातीच्या बाजूनें निकाल दिला. पुढें कॅलिफोर्नियांतील कॅबाझॉन व मोरोंगो या लहान जमातींचा खटला संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि १९८७ मध्यें सहा विरुद्ध तीन मतांनीं तेंच तत्त्व कायम झालें. जो खेळ संस्थान स्वतः नियम घालून चालूं देतें, तो जमातींच्या भूमीवर आपल्या अधिकारांत बंद करण्याचा हक्क त्या संस्थानास नाहीं, असें तें तत्त्व होय. या निकालानंतर काँग्रेसनें १९८८ मध्यें जमातींच्या जुगाराचा स्वतंत्र कायदा केला व खेळांचे तीन वर्ग पाडिले. बिंगो दुसऱ्या वर्गांत गेला. स्लॉट यंत्रें तिसऱ्या वर्गांत गेलीं, व त्यांकरितां संस्थानाशीं करार करणें जमातींस भाग पडलें.

या कायद्याची एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बिंगो म्हणजे काय हें त्यांत लिहून ठेविलें होतें. आंकड्यांचा पत्ता असावा. आंकडे काढले जातील किंवा विद्युत्-यंत्रानें ठरतील तसतसे ते झांकले जावे. आणि ठरलेली रचना प्रथम पुरी करणारा जिंकावा, एवढ्या तीन अटी. संगणकाचें साहाय्य घेतलें तरी चालेल, मात्र यंत्र हें खेळाची निव्वळ नक्कल नसावें. साहजिकच यंत्र कोठें साहाय्यक असतें आणि कोठें नक्कल होतें, हा वाद उपस्थित झाला. ‘मेगामेनिया’ नांवाचा खेळ पडद्यांवर, अनेक बिंगोगृहें तारांनीं जोडून खेळला जाई. सरकारनें तीं यंत्रें जप्त करण्यासाठीं खटले भरले. अशा खटल्यांत प्रतिवादी माणूस नसतो, वस्तूच असते. त्यामुळें एका खटल्याचें नांवच ‘संयुक्त संस्थानें विरुद्ध १०३ इलेक्ट्रॉनिक जुगार-यंत्रें’ असें पडलें. २००० मध्यें दोन निरनिराळ्या अपील न्यायालयांनीं सरकारच्या विरुद्ध निकाल दिले. लहानपणीं गांवच्या दिवाणखान्यांत आपण बिंगो कसा खेळत होतों या आठवणीवरून व्याख्या करावयाची नाहीं. ती कायद्याच्या शब्दांत दिलेली आहे, तिच्या तीन अटी पुऱ्या झाल्या कीं खेळ बिंगोच, असा त्या निकालांचा मथितार्थ होता.

आतां अलाबामाकडे वळूं. तेथील १९०१ च्या राज्यघटनेच्या ६५ व्या कलमानें सोडतीच्या सर्व प्रकारांस मनाई केली होती. या मनाईस अपवाद म्हणून १९८० पासून एकेका कौंटीपुरत्या, म्हणजे आमच्याकडील जिल्ह्यापुरत्या, घटनादुरुस्त्या होऊं लागल्या. धर्मादाय संस्थांनीं बिंगो चालविण्यास हरकत नाहीं, इतकेंच बहुतेकींचें सार. अशा दुरुस्त्या मॅकन व ग्रीन या कौंट्यांतील मतदारांनीं २००३ मध्यें मंजूर केल्या. या दोन्ही कौंट्यांत कृष्णवर्णीयांची वस्ती बहुसंख्य आणि दारिद्र्य मोठें. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ मध्यें जेथें आपली सुप्रसिद्ध पाठशाळा उभारली तें टस्कीगी मॅकन कौंटींतच आहे. येथें व्हिक्टरीलँड व ग्रीन कौंटींत ग्रीनट्रॅक अशीं कुत्र्यांच्या शर्यतींचीं दोन मैदानें होतीं. मनूच्या भाषेंत तो समाह्वय. शर्यतींचा धंदा मंदावत चालला, तेव्हां मालकांनीं ‘बिंगो’च्या परवानगीखालीं विद्युत्-यंत्रें मांडलीं, आणि समाह्वयाचें रूपांतर द्यूतांत झालें. खेळणारानें यंत्रांत पैसे भरावे, एक कळ दाबावी. संगणक क्षणार्धांत आंकडे काढून, जुळवून, निकाल सांगे. बिंगोचा पत्ता पडद्याच्या कोंपऱ्यांत लहानसा. मध्यभागीं मात्र स्लॉट यंत्राचीं चक्रें फिरत असलेलीं दिसत. या धंद्यानें कौंट्यांना उत्पन्न दिलें, आणि जेथें दुसरें काम मिळणें कठीण तेथें शेंकडों लोकांना नोकऱ्या दिल्या. या वादांत गुंतलेल्या माणसांचा विचार करितांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

डिसेंबर २००८ मध्यें गव्हर्नर बॉब रायली यांनीं बेकायदा जुगाराविरुद्ध एक खास दल नेमलें. या दलाच्या पहिल्या प्रमुखांस १९१० सालच्या नव्हे, अगदीं आपल्या काळच्या उपहासाला तोंड द्यावें लागलें. शेजारच्या मिसिसिपींतील कॅसिनोंत त्यांनीं स्वतः २,३०० डॉलर जिंकल्याचें प्रसिद्ध झालें व जानेवारी २०१० मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. तथापि त्यापूर्वींच त्यांच्या नांवाचा खटला इतिहासांत जाऊन बसला होता. मार्च २००९ मध्यें लाउंड्स कौंटींतील व्हाइट हॉल गांवीं दलानें छापा घालून यंत्रें जप्त केलीं. तेथील बिंगो चालविणाऱ्या कॉर्नरस्टोन नांवाच्या धर्मादाय संस्थेनें खालच्या न्यायालयांतून मनाई हुकूम मिळविला, आणि प्रकरण अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

नोव्हेंबर २००९ मध्यें त्या न्यायालयानें दिलेला निकाल हा या सर्व इतिहासाचा कणा होय. घटनादुरुस्तींत ‘बिंगो’ हा शब्द होता. त्याचा अर्थ नव्हता. तेव्हां तो लोकांत रूढ असलेल्या खेळाचा वाचक मानला पाहिजे, आणि अपवाद नेहमीं संकुचितपणें वाचावयाचा असतो, असें म्हणून न्यायमूर्तींनीं बिंगोचीं सहा लक्षणें सांगितलीं. आंकड्यांचे रकाने असलेला पत्ता. एकेक आंकडा काढून तो पुकारणें. खेळणारानें लक्ष देऊन ऐकणें व स्वतः खूण करणें. लक्ष चुकल्यास जिंकण्याची संधि हुकणें. आपली आकृति पुरी झाली हें ओळखून इतरांच्या आधीं तसें जाहीर करणें. आणि अनेकांनीं मिळून परस्परांशीं स्पर्धा करणें. यांतील चौथें लक्षण आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतें. ज्या खेळांत माणसाची चूक होऊंच शकत नाहीं तो बिंगो नव्हे, असें त्यांतून निष्पन्न होतें. शेजारणीशीं बोलतां बोलतां एखाद्या आजीबाईंचा आंकडा हुकावा, ही त्या खेळांतील उणीव नसून त्याचा प्राणच आहे. यंत्र कधीं चुकत नाहीं, कोणास ऐकावें लागत नाहीं, कोणास ओरडावें लागत नाहीं. माणसाकडे उरतें तें केवळ पैसे घालण्याचें काम.

याप्रमाणें एकाच देशांत, एकाच खेळाविषयीं, न्यायालयांनीं परस्परविरुद्ध निकाल दिले. एकानें म्हटलें, आठवणी बाजूस ठेवा. दुसऱ्यानें म्हटलें, आठवणी हाच आधार. यांत विसंगति आहे असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु आमच्या मतें दोन्ही न्यायालयांचें वर्तन योग्यच होतें. एकापुढें लिखित व्याख्या होती, दुसऱ्यापुढें नुसतें नांव होतें. नांवाचा अर्थ शोधावयास लोकव्यवहाराशिवाय न्यायाधीश जाणार तरी कोठें?

निकाल लागला, पण झगडा मिटला नाहीं. यंत्रें कायदेशीर ठरविण्याचें एक विधेयक २०१० मध्यें विधिमंडळांत आलें व बारगळलें. त्याच्या मतांसाठीं लांच दिल्याचे आरोप झाले, दोन वेळां खटले चालले, आणि मार्च २०१२ मध्यें उरलेले सर्व आरोपी निर्दोष सुटले. फेब्रुवारी २०१३ मध्यें व्हिक्टरीलँडवर छापा पडून १,६१५ यंत्रें व मोठी रोकड जप्त झाली. खालच्या न्यायालयानें मालकांच्या बाजूनें निकाल देतांना मतदारांकडे बोट दाखविलें. दुरुस्तीस मत देतांना मॅकन कौंटींतील लोकांस इलेक्ट्रॉनिक बिंगोच अभिप्रेत होता, आणि सरकार इतर ठिकाणें सोडून याच ठिकाणीं कां हात घालतें, असा त्या न्यायाधीशांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयानें ३१ मार्च २०१६ रोजीं हा निकाल फिरविला. मतदारांच्या मनांत काय होतें हें पाहावयाचें नसून त्यांनीं मंजूर केलेल्या मजकुरांत काय आहे हें पाहावयाचें, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीनें हें बरोबर असेल. पण ज्या गरीब मतदाराला एका अर्थानें शब्द दाखविला आणि दुसऱ्या अर्थानें हातीं दिला, त्यास आपण फसविले गेलों असें वाटल्यास नवल नाहीं.

धर्मादायाचें सोंगहि फार काळ टिकलें नाहीं. आमचें सर्व उत्पन्न धर्मादाय बिंगोचें, सबब करमुक्त, असें ग्रीनट्रॅकचें म्हणणें होतें. जून २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें फेटाळून २००४ ते २००८ या काळाबद्दल सात कोटि साठ लक्ष डॉलरांहून अधिक देणें त्याच्या माथीं मारिलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मॅकन व लाउंड्स येथील इलेक्ट्रॉनिक बिंगोस मनाई करण्याची आज्ञा खालच्या न्यायालयांस झाली. मात्र त्याच संस्थानांत ॲटमोर, वेटम्का व मॉन्टगोमरी येथें पोर्च क्रीक जमातीचे कॅसिनो विद्युत्-बिंगोच्या जोरावर उघडपणें चालू राहिले. कारण त्यांस १९८८ च्या कायद्याचें छत्र आहे, आणि त्याविरुद्धचा संस्थानाचा दावा २०१५ मध्यें अपील न्यायालयानें फेटाळला. मॅकनमधील बेकार झालेल्या माणसास हा भेद समजावून सांगणें कोणाहि वकिलास कठीणच जाईल.

दोष कोणाचा? मालकांचा लोभ उघड आहे, आणि त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु मूळ दोष आम्हांस विधिमंडळाचा वाटतो. यंत्रांस परवानगी द्यावी तर धर्मनिष्ठ मतदार रागावतात. देऊं नये तर गरीब कौंट्यांचे प्रतिनिधि रागावतात. म्हणून सर्वांस आपापल्या सोयीचा अर्थ घेतां येईल असा एक मोघम शब्द घटनेंत घालून ते मोकळे झाले. त्यांनीं टाळलेला निर्णय मग शेरीफानें, पोलिसानें व न्यायाधीशानें घ्यावा लागला, आणि त्याची किंमत दुर्बळांनीं दिली. एप्रिल २०२४ मध्येंहि जुगाराविषयींचें एक व्यापक विधेयक सेनेटमध्यें अवघ्या एका मतानें पडलें.

या बाबतींत आपणहि फार शहाणे आहोंत असें नाहीं. गोव्यानें १९९२ मध्यें आपल्या जुगारविषयक कायद्यांत दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत विद्युत् करमणूक-यंत्रांस व स्लॉट यंत्रांस परवानगी दिली. ती धोरण म्हणून कोणास पटो न पटो, त्यांत यंत्रास यंत्र म्हटलें होतें, एवढें तरी कबूल केलें पाहिजे. महाराष्ट्रानें मात्र १९७६ मध्यें कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविण्याचा कायदा केला, तो कधींच अंमलांत आणिला नाहीं, आणि २०२३ मध्यें रद्द केला. सत्तेचाळीस वर्षें तो ना परवानगी होता, ना मनाई. त्याचा आधार घेऊन कॅसिनो मागणारे मात्र न्यायालयाचीं दारें ठोठावीत राहिले. जुगार असावा कीं नसावा याविषयीं मनु आणि कौटिल्य यांचा मतभेद होता, आणि आपलाहि राहील. पण जें ठरवावयाचें तें लोकांस समजेल अशा शब्दांत ठरवावें, आणि त्या शब्दाचा अर्थ छाप्याच्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकूं नये, एवढी अपेक्षा कायदा करणारांकडून करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे.