ज्यूरीचे बोलावणे



मी वकील नाही. कॉलेजची पायरीही कधी चढलेलो नाही. कायद्याशी माझी ओळख झाली ती कामगाराचा प्रतिनिधी म्हणून खात्यांतर्गत चौकश्यांत बसून. अशाच एका चौकशीत पाळीवर झोपल्याचा आरोप असलेला एक फिटर होता. चौकशी करणारा कंपनीने नेमलेला, साक्षीदार कंपनीचे, आणि शेवटी सही करणारा मॅनेजर तर कंपनीचाच. जेवणाच्या सुट्टीत तो मला म्हणाला, "भाऊ, आमच्या खात्यातली पाच माणसं बसवा की निकालाला. झोपलो होतो का ताप चढला होता, त्यांना ठाऊक आहे." मी हसून तो विषय टाळला. त्याची नोकरी गेली. पण त्याचे बोलणे मनातून गेले नाही, आणि त्या निमित्ताने मी ज्यूरीचा इतिहास धुंडाळू लागलो.

आमच्या युनियनच्या कचेरीत तेव्हा संध्याकाळी हिशेब लिहावयास एक वृद्ध गृहस्थ येत. उमेदीच्या काळात ते फोर्टातील एका पेढीवर कारकून होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांना सेशन्स कोर्टात ज्यूरीचे बोलावणे आले होते. समन्स घेऊन कोर्टाचा शिपाई चाळीत आला तेव्हा सगळ्या मजल्याला वाटले, यांनीच काही केले! पेढीच्या मालकांनी कागद दोनदा उलटून पाहिला आणि म्हणाले, "जा, पण टपाल तुंबता कामा नये."

कोर्टात नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. यांचे नाव निघाले. चाळीतील सुरीहल्ल्याचा खटला होता. साक्षीदार मराठी बोलणारे, कामकाज इंग्रजीत, आणि मध्ये दुभाषा. एक बाई साक्षीत म्हणाली, "यानेच मारलं असंल." दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, "याने मारले." त्या एका 'असंल'चे वजन आमच्या हिशेबनिसांना कळले, शेजारी बसलेल्या पुष्कळांना कळण्याचा संभवच नव्हता. उठून न्यायाधीशांना सांगावे असे त्यांना वाटले. पण कोट-टाय घातलेल्या मंडळींत आपण एकटे लाँगक्लॉथचा सदरा घालून बसलेलो. जीभ उचलली नाही. आतल्या खोलीत फोरमनने मते विचारली तेव्हाही ते बहुमताबरोबर गेले.

आता मागे वळून पाहू. ज्यूरी आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. १८२६ च्या कायद्याने हिंदी माणसाला ज्यूरीत बसता येऊ लागले, पण ख्रिस्ती आरोपीचा न्याय मात्र ख्रिस्ती ज्यूरीनेच करावयाचा. राजा राममोहन रायांनी या भेदाविरुद्ध आवाज उठविला, आणि १८३२ साली तो भेद गेला. कागदावरचा भेद गेला, एवढेच म्हणावे. कारण ज्यूरीची यादी कोण करतो आणि तिच्यात कोण येतो, हा खरा प्रश्न होता. यादीत पुरुषच. 'स्पेशल ज्यूरी'साठी तर मालमत्ता आणि शिक्षण पाहिले जाई. गिरणीत साचा चालविणाऱ्याला अशा यादीत जागा कोठून असणार?

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकालही सहा विरुद्ध तीन! १९०८ साली सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली. टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला. (हेच काका बॅप्टिस्टा पुढे १९२० साली आयटकच्या उभारणीत पुढे होते, ही गोष्ट आम्हा युनियनवाल्यांना विशेष प्रिय आहे.) न्यायमूर्ती दावर यांनी विरोध फेटाळला. सात युरोपियन आणि दोन पारशी असे नऊजण बसले. खटला होता 'केसरी'तील मराठी लेखांवर, आणि ज्यूरीतील बहुतेकांना मराठी येत नव्हते! त्यांच्यापुढे होती ती भाषांतरे. टिळकांनी स्वतः एकवीस तासांच्या वर भाषण केले. भाषांतरातले एकेक शब्द घेऊन मूळ मराठीचा अर्थ सोडवून दाखविला. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला : सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षे काळे पाणी.

आणि मग ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नव्हते त्यांनी आपले मत दिले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या सजेसाठी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. गोळीबार झाला, माणसे मेली. दूर देशात असलेल्या लेनिननेही त्याच वर्षी या संपाची दखल घेतली.

सरकार या अनुभवाने शहाणे झाले. मार्च १९२९ मध्ये डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, घाटे, गिरणी कामगारांतून वर आलेले अर्जुन आळवे आणि इतर मिळून तिसांहून अधिक माणसे देशभरातून धरली, आणि खटला चालविला मीरतेस! मुंबईची किंवा कलकत्त्याची माणसे मीरतेस कशाला? तर या दोन शहरांत खटला भरला असता तर ज्यूरी बसवावी लागली असती, आणि ती ज्यूरी दोषी म्हणेलच याची सरकारला खात्री नव्हती. मीरतेत ज्यूरी नव्हती, असेसर होते. असेसरांनी नुसते मत द्यावयाचे. ते न्यायाधीशावर बंधनकारक नाही. निकाल यावयास जानेवारी १९३३ उजाडले. मला विचाराल तर ज्यूरीच्या बाजूने याहून मोठी साक्ष नाही : ज्या सरकारने यादी आपल्या हातात ठेवली होती, तेही शेवटी तिला भ्याले.

नाण्याची दुसरी बाजू मी लपविणार नाही. १९५९ सालचा नानावटी खटला आपणांस ठाऊकच आहे. नौदलाचा रुबाबदार अधिकारी, वर्तमानपत्रांचा गलबला. ज्यूरी आठ विरुद्ध एक मताने म्हणाली, निर्दोष. न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठविले. तेथे १९६० साली जन्मठेप झाली, आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या खटल्यामुळेच ज्यूरी गेली असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. विधी आयोगाने १९५८ सालीच ती बंद करावी असे सुचविले होते, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही. पारशी विवाहाच्या दाव्यांत पाच प्रतिनिधी बसतात, तेवढाच तिचा अवशेष. पण त्या आठांनी गणवेशाऐवजी तेलकट खाकी घातलेल्या माणसाला अशीच सहानुभूती दाखविली असती का? मला शंका आहे. तो फिटर म्हणत होता ती पाच माणसे याहून वेगळी होती. ती त्याच मशीनवर उभी राहणारी होती. अर्थात त्यांतल्या एखाद्याचे त्याच्याशी वाकडे असते तर? याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही.

हिशेबनिसांना मी एकदा विचारले, त्या माणसाला शेवटी सजा काय झाली? त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "ठाऊक नाही हो. सजा ऐकायला मी थांबलोच नाही. पेढीवर टपाल तुंबलं होतं."