कागदाच्या नळ्यांचं घर

कापडाच्या दुकानात ठाण संपलं की उरणारी पुठ्ठ्याची नळी आम्ही पोरं तलवार म्हणून पळवायचो. शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने तसल्याच नळ्यांची घरं बांधली. 1995च्या कोबे भूकंपानंतर व्हिएतनामी निर्वासितांसाठी उभारलेल्या घरांचा पाया म्हणजे वाळूच्या पोत्यांनी भरलेले बिअरचे क्रेट! तिथलंच त्याचं कागदी चर्च दहा वर्षांनी सुटं करून तैवानला नेलं.

मला मात्र त्याने भूजमध्ये बांधलेलं घर जवळचं. 2001च्या भूकंपानंतर तिथे क्रेट मिळेनात. मग पडलेल्या इमारतींचा राडारोडाच पायासाठी वापरला, वर मातीची जमीन, छताला बांबू आणि चटया. 2014मध्ये बानला वास्तुरचनेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. उशिराच, माझ्या मते.