कूपे, डिकी आणि धातू

‘जॅग्वार ई-टाइप, ३.८ लिटर, फिक्स्ड हेड कूपे, संपूर्ण रिस्टोअर केलेली, मॅचिंग नंबर्स, विकणे आहे.’ जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या बाजारातली जाहिरात साधारण अशी असते. गाडीचं वय साठीच्या आसपास, पण तिच्याबद्दल सांगणारे शब्द तिच्याहून कितीतरी म्हातारे. त्यातले काही रोमन काळातले, काही घोडागाड्यांच्या तबेल्यातले, तर एक थेट दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून आलेला. गाडीची पारख करताना जाणकार रंगाखाली काय आहे ते पाहतो. शब्दांच्या बाबतीतही तसंच पाहायला हवं.

मराठी माणसाला ‘कूपे’ हा शब्द मोटारीपेक्षा रेल्वेमुळे जास्त ओळखीचा आहे. पहिल्या वर्गात चार बर्थची ती केबिन आणि दोन बर्थचा तो कूपे. फ्रेंचमध्ये ‘कूपे’ म्हणजे कापणे, आणि जवळपास त्याच उच्चारात ‘कापलेला’सुद्धा. त्यामागे आहे फ्रेंच ‘कू’, म्हणजे घाव. तो आला उत्तरकालीन लॅटिनमधून, आणि लॅटिनने तो घेतला ग्रीक ‘कोलाफोस’वरून. कोलाफोस म्हणजे ठोसा किंवा थप्पड. ठोशाचा घाव झाला आणि घावाचं कापणं झालं. आपण ‘एक घाव दोन तुकडे’ म्हणतो, ती दोन्ही टोकं या शब्दाच्या इतिहासात सापडतात. रेशनचं ‘कूपन’ही याच घरातलं. मूळ अर्थ, कापून काढायचा तुकडा.

मग या गाडीत कापलं काय? आज पुष्कळांना वाटतं की मागे उतरत गेलेलं छप्पर हाच तो ‘काप’. ई-टाइपची पाठ पाहिली की हे पटतंही. पण कापलं गेलं होतं ते आसन. बर्लिन शहराच्या नावाने ओळखली जाणारी ‘बर्लिन’ ही बंद घोडागाडी असे. तिच्यात दोन बाकं समोरासमोर असत. पुढचं बाक आणि त्याभोवतीचा भाग काढून टाकला, की एकाच दिशेला तोंड करून बसणाऱ्या दोघांपुरती आटोपशीर गाडी उरे. तीच ‘कारोस कूपे’, कापलेली गाडी. पुढे ‘गाडी’ हा शब्द गळाला आणि नुसतं ‘कापलेली’ उरलं. रेल्वे आली तेव्हा डब्याच्या टोकाला एकाच बाजूला बाक असलेला जो अर्धा कप्पा उरे, त्यालाही हेच नाव मिळालं. म्हणजे आपल्या रेल्वेतला कूपे मोटारीतल्या कूपेपेक्षा मूळ अर्थाला जास्त धरून आहे.

जॅग्वारने १९६६ साली ई-टाइप कूपेची ‘टू प्लस टू’ आवृत्ती काढली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९६ इंचांवरून १०५ इंच केलं, छप्पर थोडं उंच केलं आणि मागे दोन लहान आसनं बसवली. जी बैठक कापल्यामुळे हे नाव पडलं, तीच परत आली आणि नाव मात्र ‘कूपे’च राहिलं. तोवर शब्दाचा अर्थ ‘दोन दारांची, पक्क्या छपराची, देखणी गाडी’ असा झाला होता. इंग्लंडने फ्रेंच उच्चार जपून ‘कूपे’ म्हटलं, अमेरिकेने शेवटचा स्वर सोडून ‘कूप’ केलं.

‘फिक्स्ड हेड’मधलं ‘हेड’ म्हणजे छप्पर. घोडागाडी बांधणाऱ्या इंग्रज कारागिरांच्या बोलीत गाडीच्या दुमडत्या छपराला हेड म्हणत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, टप. घोडागाडीचा टप, एसटीचा टप. टप पाडता येतो ती ड्रॉप हेड, पक्का असतो ती फिक्स्ड हेड. पुढचं झाकण इंग्लंडमध्ये ‘बॉनेट’ आणि अमेरिकेत ‘हूड’. दोन्ही मुळात डोक्यावर घालायच्या वस्तू. इंग्लंडमध्ये हूड म्हणजे कापडी टप, त्यामुळे अटलांटिक ओलांडताना एकाच शब्दाने गाडीवर जागा बदलली. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी. घोडे गेले, चिखल बाहेर राहिला, आणि फळीवर वेग आणि पेट्रोल दाखवणारे काटे आले.

‘डिकी’ची कहाणी तर आपली स्वतःची आहे. घोडागाडीच्या मागे नोकराला बसायला जी उघडी जागा असे, तिला इंग्रजीत डिकी म्हणत. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या दोन आसनी मोटारींनी हीच सोय शेपटीत ठेवली. मागचं झाकण उघडलं की आत पाठ टेकायची जागा तयार. उन्हापावसात बसणाऱ्यांचे हाल होत, पण दोनाची गाडी चारांची होई. बंद छपराच्या प्रशस्त गाड्या आल्यावर हे आसन नाहीसं झालं, आणि इंग्लंडमध्ये आसनाबरोबर शब्दही मागे पडला. तिथे सामानाची जागा म्हणजे ‘बूट’. आपण मात्र ‘डिकी’ टिकवला. टॅक्सीवाला ‘डिकी उघडतो’ म्हणतो, स्कूटरच्या डिकीत भाजी राहते. इंग्रजांनी टाकून दिलेला शब्द मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रोज चालतो आहे, आणि कोशात त्याला ‘अशुद्ध’ किंवा ‘चुकीचा’ म्हणून दुय्यम जागा देणं अन्यायाचं आहे. वापर हाच शब्दाचा परवाना.

ई-टाइपचं बॉनेट अवाढव्य. पुढच्या मडगार्डांसकट एकसंध, पुढच्या बाजूला उलटं उघडणारं. सुरुवातीच्या सुमारे ५०० गाड्यांत त्याची कुलपं बाहेरून, वेगळ्या चावीने उघडावी लागत. पुढे ती आत घेतली. आज याच बाहेरच्या कुलपांच्या गाडीला संग्राहक जास्त मोल देतात. आणि ‘चावी’ शब्द उच्चारला की आपण गोव्याच्या किनाऱ्याला लागतो, कारण तो पोर्तुगीज ‘शावी’वरून आला. ‘जॅग्वार’ही पोर्तुगीजांच्याच हातून जगभर गेला. ब्राझीलच्या तुपी भाषेत ‘यागुआरा’ म्हणजे हिंस्र श्वापद. त्याच तुपी लोकांच्या ‘आकाजू’ फळाचं पोर्तुगीजांनी ‘काजू’ केलं, आणि ते झाड आणि नाव दोन्ही कोकणात आणून रुजवलं. तेव्हा जॅग्वार आणि काजू हे शब्द एकाच गावचे. एक कोव्हेंट्रीच्या कारखान्यात पोचला, दुसरा सिंधुदुर्गाच्या डोंगरउतारावर.

कंपनीचं हे नाव मूळचं नव्हे. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली यांनी १९२२ साली ब्लॅकपूलला मोटारसायकलींच्या साइडकार बांधायला सुरुवात केली, ती ‘स्वॉलो’ या पक्ष्याच्या नावाने. पुढे बिऱ्हाड कोव्हेंट्रीला गेलं, गाड्या ‘एसएस’ नावाने निघू लागल्या, आणि १९३५ मध्ये ‘एसएस जॅग्वार’ आली. मग युद्ध झालं. ‘एसएस’ ही अक्षरं हिटलरच्या काळ्या गणवेशातल्या दलाशी कायमची जोडली गेली. १९४५ साली कंपनीने ती सोडली आणि ‘जॅग्वार कार्स’ हे नाव घेतलं. निर्दोष अक्षरंही इतिहासाने डागाळू शकतात, याचं हे कडू उदाहरण. २००८ पासून ही कंपनी टाटा समूहाच्या मालकीची आहे, म्हणजे तुपी शब्दाची मालकी आता मुंबईत आहे.

‘विकणे आहे’ हे दोन शब्द सर्वांत साधे वाटतात, पण ते फार खोल जातात. संस्कृत ‘क्री’ म्हणजे विकत घेणं. त्याला ‘वि’ लागला की दिशा उलटते, विकणं होतं. विक्री, विकणं, विकाऊ सगळे तिथूनच. ‘खरेदी’ फारसी म्हणून आपण तिला परकी मानतो, पण फारसी ‘खरीदन’ आणि संस्कृत ‘क्री’ एकाच प्राचीन धातूची रूपं आहेत. ‘खरेदी-विक्री’ या जोडशब्दात हजारो वर्षांपूर्वी पांगलेली दोन भावंडं पुन्हा शेजारी बसली आहेत.

या गाड्यांना ‘क्लासिक’ म्हणतात, ‘व्हिंटेज’ही म्हणतात. व्हिंटेज म्हणजे मुळात द्राक्षांची तोड, मग त्या हंगामाची वाइन, मग जुनी चीज. इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या लेखी १९३० नंतरची गाडी व्हिंटेज नाही, त्यामुळे ई-टाइपला तिथे ते बिरुद मिळत नाही. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ते दिलं, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं आली. अट मात्र अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ‘क्लासिक’ रोमन आहे. रोममध्ये नागरिकांचे मालमत्तेप्रमाणे वर्ग असत. वरच्या वर्गातला तो ‘क्लासिकुस’. दुसऱ्या शतकात ऑलुस गेलियुसने हा शब्द श्रेष्ठ लेखकासाठी वापरला. मराठीत त्याला आपण ‘अभिजात’ म्हणतो, म्हणजे कुलीन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. संपत्ती आणि कुळ यांवर उभे असलेले हे दोन्ही शब्द आज कसदारपणासाठी वापरले जातात. अर्थाने जन्माचा अडसर ओलांडला, ही शब्दांच्या इतिहासातली चांगली गोष्ट आहे.

आणि आता ‘रिस्टोअर’. लॅटिन ‘रेस्ताउरारे’ म्हणजे पुन्हा उभं करणं. फ्रान्समध्ये त्यावरून ‘रेस्टोराँ’ झाला. तो आधी ताकद परत आणणाऱ्या मांसाच्या कढणाला म्हणत, आणि अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ते कढण विकणाऱ्या जागेला म्हणू लागले. रेस्टॉरंट आणि रिस्टोरेशन सख्खे. फारसी ‘दुरुस्त’वरून आलेली ‘दुरुस्ती’ इथे अपुरी पडते, कारण दुरुस्ती बिघाडापुरती असते. नेमका शब्द ‘जीर्णोद्धार’. जे जीर्ण झालं त्याचा उद्धार, म्हणजे ते वर उचलणं. देवळाच्या जीर्णोद्धारात जागा तीच, देव तोच, मात्र दगड नवे असू शकतात. ई-टाइपच्या बाबतीत हेच होतं. तिची मधली बॉडी ‘मोनोकॉक’ धाटणीची. फ्रेंच ‘कॉक’ म्हणजे कवच, अंड्याचं टरफल. सारा भार पातळ पत्र्याच्या कवचावर, पुढे इंजिनासाठी नळ्यांची चौकट. दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि जमीन आतून गंजली की वरची झळाळी फसवी ठरते. बडा घर पोकळ वासा. मूळ कारखान्यात पत्र्यांचे सांधे शिसं-कथिलाने भरत. घाईचा कारागीर तिथे पुट्टी चोपडतो आणि वर रंगाचा हात देतो.

म्हणून ‘मॅचिंग नंबर्स’. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी आणि चासी यांचे क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी जुळायला हवेत. ती नोंद जॅग्वार-डेमलर हेरिटेज ट्रस्ट प्रमाणपत्राच्या रूपाने देतो. गंमत म्हणजे या गाडीला वेगळी चासीच नाही, तरी ‘चासी नंबर’ आहे. फ्रेंच ‘शासी’ म्हणजे चौकट, तिच्यामागे लॅटिन ‘काप्सा’, पेटी. औषधाची कॅप्सूल आणि गल्ल्यातली कॅश हे तिचेच वंशज. वस्तू गेली तरी शब्द नोंदवहीत राहिला.

आपल्या भाषेत ‘धातू’ म्हणजे लोखंड-तांबं, आणि ‘धातू’ म्हणजे क्रियापदाचं मूळही. दोन्ही अर्थ ‘धा’ म्हणजे ठेवणं यावरून, कशाच्या तरी बुडाशी ठेवलेला घटक या कल्पनेतून आले. गाडीचा जीर्णोद्धार करणारा आणि शब्दाची व्युत्पत्ती लावणारा, दोघेही धातूपर्यंत खरवडत जातात, आणि दोघांना एकच मोह पडतो, पुट्टीचा. ‘पॉश’ या शब्दाची प्रसिद्ध गोष्ट घ्या. श्रीमंत साहेब मुंबईला बोटीने येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीची केबिन घेत, आणि तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं छापली जात, असं सांगतात. असं एकही तिकीट पुढे आलेलं नाही, आणि मान्यवर इंग्रजी कोशांनी ही व्युत्पत्ती स्वीकारलेली नाही. गोष्ट गुळगुळीत आहे, रंग छान बसलाय, पण आत पत्रा नाही.

मराठीतही असं भरपूर चालतं. दोन शब्दांचा उच्चार जुळला की एकाला दुसऱ्याचा बाप ठरवायचं, अभिमानाने पुढे पाठवायचं. कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९४६ साली ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ दिला, तो अशा पुट्टीवर उतारा म्हणून आजही उपयोगी आहे. शब्दाचं मूळ सांगताना तो कुठल्या भाषेत, कुठल्या रूपात, कुठल्या अर्थाने आढळतो याची साखळी दाखवावी. जिथे कडी तुटते तिथे थांबावं. गाडी घेताना आपण प्रमाणपत्र मागतो, बॉडीवर चुंबक लावून आत पत्रा आहे की पुट्टी ते पाहतो. आपल्या शब्दांची किंमत त्या गाडीहून कमी नाही, तेव्हा त्यांच्या कहाण्या ऐकताना निदान तेवढाच पुरावा मागावा.