योसेफाचं आख्यान

गुरुवारचा अध्याय वाचून तुम्ही शेगाव स्टेशनावर येता, तर साल १८८२, डिसेंबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी वाफ सोडत उभी आहे. गावात गजानन महाराज प्रकटून चारच वर्षं झालीत. तुमच्या पिशवीत ‘गजानन विजय’ ही पोथी आहे खरी, पण ती लिहिणारे दासगणू आत्ता १४ वर्षांचं पोर आहेत. शेताच्या धुऱ्यावरून भावाशी अबोला धरून बसलेले तुम्ही गाडीत चढता.

मुंबईत बोरीबंदरच्या मोठ्या स्थानकाचं बांधकाम चालू आहे. ते पुरं व्हायला १८८८ उजाडेल. शनिवारी सकाळी तुम्ही मांडवीत, शारे रहमीममध्ये शिरता. बेने इस्राएल ज्यूंचं मुंबईतलं हे पहिलं प्रार्थनास्थळ, १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी स्थापलेलं. दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर, सगळे मूळचे कोकणातले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

त्यांच्या पवित्र ग्रंथाची, तोराची गुंडाळी उघडते. तुम्ही पुढे वाकून बघता: काना नाही, मात्रा नाही, नुसती व्यंजनं. स्वर आणि चाल वाचणाऱ्याला पाठ हवी. अक्षरांना बोट लागू नये म्हणून चांदीची बारीक काडी ओळीवरून सरकते. वर्षात तोराचे पाचही ग्रंथ पुरे व्हावेत म्हणून ५४ भाग पाडलेत. आजचा भाग बगदादेतही वाचला जातोय. योसेफाचा. भावांनी विकलेला योसेफ मिसरात अधिकारी झालाय, भाऊ धान्यासाठी त्याच्याच दारी आलेत. पण वाचन हिब्रूतलं. तुम्हाला काहीच कळत नाही, आणि बायकांत बसलेल्या एका म्हातारीलाही फारसं नाही.

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, त्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपतो. मग मोहल्ल्यातल्या एका घरी सतरंजी पडते, टाळ निघतात. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी नुकतीच ही कीर्तनं सुरू केलीत. सकाळचीच कथा आता मराठीत येते, साकी-दिंडीत, थेट आपल्या हरदासासारखी. योसेफ परक्यांना बाहेर काढतो, भावांना ओळख देतो, हुंदके देत बाप जिवंत आहे का विचारतो. तुमच्या हातातला टाळ थांबतो. म्हातारी पदर तोंडाला लावते. तिचा पोरगा पलटणीत आहे, आठ महिने पत्र नाही. ती पुटपुटते, “देवा, त्याचा बाप थकलाय रे. एकदा त्याला दारात उभं कर.” हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. ते तिचं आहे.

तुम्हीही डोळे मिटता. पहिलं नाव ओठांवर येतं ते भावाचं.

मला हे कीर्तन मोठं वाटतं ते एवढ्याचसाठी: सकाळी नुसता ऐकलेला ग्रंथ रात्री त्यानं प्रत्येकाच्या घरात नेला. अशी कितीतरी आख्यानं बेने इस्राएलांनी मराठीत रचली. पुढे बहुतेक घरं इस्रायलला गेली, तरी ही कीर्तनं मराठीच आहेत. दासगणूंची कीर्तनपरंपरा सांगताना या कीर्तनकारांनाही आपल्या पंगतीत पाट मांडा.