अठ्ठ्याहत्तर म्हणजे नक्की किती?

जुन्या रेडिओग्रॅममधलं गॅरार्डचं चार वेगांचं ऑटोचेंजर मी जुन्या बाजारातून आणलं, तेव्हा त्याला नवी सुई आणि नवा रबर बसवला की काम संपेल असा हिशेब होता. सुई सोपी. लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची २५ मायक्रॉनची सुई त्यात तळाशी लोळते आणि नुसती खरखर वाचते. आयडलरचं कडक झालेलं रबरही बदललं.

उरला वेग. तो मात्र इतिहासात घेऊन गेला.

७८ हा आकडा कुणा संगीतकाराने ठरवलेला नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथे ३६०० फेऱ्यांच्या मोटरला ४६:१ गिअर लावला की ७८.२६ मिळतात. आपल्याकडे आणि इंग्लंडात ५० हर्ट्झ, म्हणून ७७.९२. वेग तपासायच्या चकतीवर ७७ रेघा असतात त्या यामुळेच: दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, ६००० भागिले ७७. (हल्लीचे बरेच एलईडी लुकलुकतच नाहीत, त्यामुळे जुना निऑन शोधावा लागला.)

पण हे सगळं विजेच्या मोटरी आल्यावरचं. गैसबर्ग १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता तेव्हा मेणाची तबकडी खाली सरकणाऱ्या वजनावर फिरायची, आणि वेगाला सर्वमान्य प्रमाण नव्हतं. त्या काळातल्या रेकॉर्डवर ७८ हा नंतर चिकटवलेला अंदाज आहे.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. १९०५च्या सुमारास त्यांनी भोंग्यासमोर गायलं, आणि तिशीच्या दशकात ओडियनसाठी मायक्रोफोनसमोर. दोन्हींत आवाज वेगळ्या पट्टीत ऐकू आला, तर फरक वयाचा की यंत्राचा? वेग सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते; काळी एकचा गायक पांढरी दोनवर जातो, आवाज बारीक होतो, तानाही जलद वाटतात. 'खाँसाहेबांचा आवाज फार बारीक होता' असं छातीठोक सांगणाऱ्याला मी आता आधी विचारतो, कुठल्या वेगावर ऐकलात?

गॅरार्डच्या या मॉडेलमध्ये वेग थोडासा कमीजास्त करायची सोयच नाही. मोटरच्या दांड्यावरच्या पायऱ्या ठरलेल्या. त्या कानशीने घासायचा सल्ला मिळाला होता. जुन्या वस्तूवर परत न फिरवता येणारी दुरुस्ती मला पटत नाही. म्हणून मायक्रोकंट्रोलरने साइन लहर तयार केली, अॅम्प्लिफायर आणि उलटा जोडलेला ट्रान्सफॉर्मर लावून मोटरला तीच वीज दिली. ४७ ते ५३ हर्ट्झ, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धा स्वर. मूळ यंत्राचा एक स्क्रूही बदलला नाही.

साथीच्या पेटीवरून खरी पट्टी सापडेल असं वाटलं होतं. पण त्या काळच्या पेट्या एकाच मापाने लावलेल्या नसत. मग कानच उरतो. माझ्याकडच्या एका भोंग्याच्या काळातल्या रेकॉर्डवर मला ४८.५ला शब्दांचे उच्चार माणसासारखे वाटतात. पेटी शिकवणारे शेजारचे काका ४९च्या खाली यायला तयार नाहीत. डब्यावर सध्या दोन्ही खुणा आहेत, त्यांची लाल पेनने.